मिडियम मापाची महाराणी

आमच्या कंपनीचा मिडियम मापाचा ड्रेस किंवा पँट तुम्ही कधी घातली असेल, तर ती आधी माझ्या ताईच्या अंगावर बसवलेली आहे. ही बढाई नाही, हेच तिचं काम. कपड्याचा पहिला नमुना शिवून झाला की तो ताईला घालायला देतात. ती एका बुटक्या लाकडी चौथऱ्यावर उभी राहते, सांगितलं की वाकते, बसते, हात वर करते, आणि आमचे कटिंग मास्तर तिच्याभोवती फिरत कुठे ओढतंय, कुठे फुगतंय ते बघतात. टाचण्यांची उशी माझ्या मनगटाला बांधलेली असते. मास्तर नुसता हात पुढे करतात आणि मी टाचणी देते. ताईच्या अंगाला जे नीट बसलं ते मिडियम. मग त्यावरून पुठ्ठे कापायचे आणि पुठ्ठ्यांवरून ढिगानं माल शिवायचा. कंपनीत तिला तोंडावर मॅडम म्हणतात आणि पाठीमागे ‘मिडियम’. तिला ते ठाऊक आहे. तिला सगळंच ठाऊक असतं, कारण ती सगळ्यांवर नजर ठेवून असते.

घरात तिचं नाव महाराणी. तेही उगाच नाही. एकोणीस वर्षांची असताना तिनं सौंदर्यस्पर्धा जिंकली होती, खऱ्याखुऱ्या मुकुटासकट.

ती हकीकत सांगायची तर आधी आईबद्दल सांगावं लागेल, कारण आमच्या घरात संशय आला तो तिच्याकडून. वडील लवकर गेले. आई घरीच शिवणकाम करायची आणि तिचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. दूधवाल्याला दारात उभा करून ती दूध उकळून बघायची. गिऱ्हाइकानं कापड दिलं की त्याच्यादेखत मोजायची, आणि परत देताना पुन्हा त्याच्यादेखत मोजायची, म्हणजे उद्या बोंब नको. शेजारीण गोड बोलली तर आई आत येऊन म्हणायची, ‘आज हिला काहीतरी हवंय.’ आणि बहुतेक वेळा शेजारणीला खरंच काहीतरी हवं असायचं. त्यामुळे आम्हां दोघी बहिणींना असं वाटत आलं की आईला माणसाच्या आतलं दिसतं.

ताई उंच होती, मान लांब, आणि चालायची अशी की रस्त्यावरची माणसं बोलणं अर्धवट सोडून बघत. स्पर्धेची जाहिरात आईनंच पाहिली. बक्षीस काय आहे ते नीट वाचून तिनं ताईला सांगितलं, ‘जायचं. पण मी बरोबर येणार. एकटी सोडणार नाही त्या लांडग्यांत.’ मी शाळेत होते. मला घरी कुणाच्या भरवशावर ठेवणार? म्हणून मीही निघाले.

स्पर्धा एका मोठ्या हॉटेलात होती. पुढून काचा आणि कारंजं, आणि आम्हांला आत घेतलं ते मागच्या दारानं, धुलाईच्या खोलीवरून. मुली एका लांबलचक खोलीत आरशांसमोर बसल्या होत्या. आईनं ताईला बसू दिलं नाही. आधी खुर्ची हातानं चाचपली, मग पावडरचा डबा उघडून हुंगला, मग बुटांच्या टाचा ओढून बघितल्या. ‘टाच अर्धी कापून ठेवतात,’ ती मला कानात म्हणाली. ‘मुलगी चालता चालता पडली की संपलं.’ मी लगेच सगळ्या मुलींच्या बुटांकडे बघायला लागले. एक मुलगी माझ्याकडे बघून हसली, तर मी तोंड फिरवलं.

त्या वर्षी स्पर्धेचे गाऊन एका कपड्यांच्या कंपनीनं दिले होते, सगळे एकाच मापाचे. त्यामुळे नियम असा की कमर पंचवीस इंचांच्या वर असेल त्या मुलीनं घरी जायचं. माप घ्यायला त्या कंपनीची एक बाई आली होती. ती भिंतीशी उभी राहून एकेका मुलीला बोलवत होती. ताईची पाळी आली. बाईनं टेप गुंडाळली आणि आकडा सांगितला, ‘साडेपंचवीस.’

ताईचा चेहरा उतरला. आईनं माझा दंड धरला आणि हळूच म्हणाली, ‘अंगठा बघितलास तिचा? टेपच्या आत घातलाय. अंगठ्याची जाडी धरून मापतेय.’ मी बघितलं. अंगठा टेपच्या आत होता. मला तो स्वच्छ दिसला, नखावरच्या उडालेल्या रंगासकट.

मग आईनं जो आवाज चढवला तो पुढल्या काचांपर्यंत गेला असेल. ‘ज्या मुली तुमच्या ओळखीच्या, त्यांना घट्ट मापता आणि आमच्यासारख्यांना अंगठा घालता काय?’ बाई गोंधळली. नाही नाही म्हणायला लागली. आयोजक धावत आले. आईनं मला पुढे ढकललं. ‘लहान पोर खोटं बोलेल का? विचारा हिला.’ त्यांनी विचारलं आणि मी मान डोलावून सांगितलं, की हो, अंगठा होता. तेवढ्यात आईनं पिशवीतून स्वतःची टेप काढली, पिवळी, कडा काळवंडलेली, शिवणयंत्राच्या खणातली. ‘ही रोजच्या वापरातली टेप. आता तुम्हीच मापा,’ असं म्हणून तिनं ती आयोजकांच्या हातात दिली. त्यांनी सगळ्यांसमोर मापलं. पंचवीस, ना कमी ना जास्त.

माप घेणाऱ्या बाईला त्यांनी तिथून जायला सांगितलं. ती आपली पर्स उचलून मागच्या दारानं गेली. आईनं गाऊन आडोशाला नेऊन त्याच्या शिवणी उसवून पुन्हा घातल्या. विचारलं तर म्हणाली, ‘आत टाचणी खुपसून ठेवली असेल, बघायला नको?’ आणि संध्याकाळी ताई त्या गाऊनमध्ये अशी चालली, की परीक्षकांनी कागदावर काय लिहिलं ते मला खालून न वाचताही कळलं. मुकुट तिच्या डोक्यावर ठेवला तेव्हा आई रडली नाही. तिनं मुकुटाचे खडे हात लावून बघितले.

ती पिवळी टेप ताईनं आईकडून मागून घेतली आणि एका पत्र्याच्या डबीत ठेवली. मुकुट पुढच्या वर्षी परत द्यावा लागला. टेप राहिली.

पुढची वर्षं म्हणाल तर चांगली गेली. साबणाच्या जाहिरातीत तिचा चेहरा भिंतीभर लागला होता. दुकानांच्या उद्‌घाटनाला तिला बोलवायचे. कॅटलॉगसाठी एका दिवसात ढीगभर कपडे बदलायचे आणि प्रत्येकात नवीन हसायचं, हे ती करत राहिली. रॅम्पवरही चालली. मी तिच्याबरोबर असायची, बॅग सांभाळायला आणि डोळे उघडे ठेवायला. आम्ही दोघी कुठेही गेलो की आधी खोली तपासायचो. तिची लिपस्टिक ती कुणाला देत नसे आणि कुणाची घेत नसे. दुसऱ्या मॉडेलनं ‘तू आज छान दिसतेस’ म्हटलं तर ताई आरशात जाऊन बघायची की काय बिघडलंय. कुठेही माप द्यायचं झालं की डबीतली टेप बाहेर यायची. ‘माझी टेप लावा,’ ती म्हणायची. लोक हसायचे आणि लावायचे.

एजंट तीनदा बदलले, कारण तिघांतही कुठेतरी पाणी मुरतंय असं आम्हांला वाटलं. पहिल्यात खरंच मुरत होतं. बाकीच्या दोघांचं मी आता सांगू शकत नाही. लग्नही केलं तिनं. माणूस सरळ होता, निदान दिसायला. पण ताई त्याचे खिसे बघायची, तो कुणाशी फोनवर बोलला की आवाज ऐकत दाराआड उभी राहायची, आणि मी तिच्याबरोबर उभी राहायची. एक दिवस तो म्हणाला, ‘मी काही केलं नाही हे सिद्ध करून करून मी दमलो.’ आणि गेला. आम्ही म्हटलं, बघा, गेलाच ना शेवटी.

वय वाढलं तसा चेहऱ्याचा बाजार उतरला. त्यात कुणाचा दोष नाही, त्या धंद्याचं असंच आहे. पण अंग तिनं राखलं होतं. तेव्हाच आमच्या कंपनीला मापासाठी बाई हवी होती, चेहरा कसाही चालेल, माप हलता कामा नये. मालकांनी तिला ओळखलं, खूश झाले आणि ठेवून घेतलं. तिच्या शब्दावर मलाही काम मिळालं. आमच्या तिघींचं घर तेव्हापासून ताईच्या कमरेवर चाललंय असं मी म्हणते, आणि ते खोटं नाही.

महिन्यातून एकदा मास्तर तिचं माप घेत. तिच्याच टेपनं. तो कंपनीचा रिवाजच पडून गेला होता. मास्तर हात पुढे करायचे, ताई डबी उघडायची. अठ्ठावीस कमर आणि त्याच्या हिशेबानं बाकीचं. वर्षानुवर्षं आकडा तोच. ‘मॅडम म्हणजे दगडातली मूर्ती,’ मास्तर म्हणायचे. आमचा मिडियमचा माल खपायचाही तुफान. बायका दुकानात म्हणायच्या की दुसरीकडे मला लार्ज लागतो, यांचा मात्र मिडियम अगदी छान बसतो. मालक ते सगळ्यांना सांगत सुटायचे.

तर असं सगळं सुरळीत चाललं असताना एका मोठ्या गिऱ्हाईक कंपनीनं आपली तपासनीस आमच्याकडे पाठवली. पोरगीच होती, जाड चष्मा, आवाज इतका हळू की शिवणयंत्रांत ऐकू येऊ नये. आम्ही तिचं नाव चष्मेवाली ठेवलं. तिच्याबरोबर एक उंच मुलगी आली होती, कामाच्या शोधात. दोघी एकाच वसतिगृहात राहतात हे मी पहिल्याच दिवशी डबा खाताना काढून घेतलं आणि ताईला जाऊन सांगितलं. ताई चौथऱ्यावर उभी होती. तिनं नुसती भुवई उचलली. आम्हां दोघींना एकमेकींशी फार बोलावं लागत नाही.

चष्मेवालीनं आपली टेप काढली, नवीकोरी, पांढरी. ताई म्हणाली, ‘माझी आहे.’

‘मला माझ्याच टेपनं मापायला सांगितलंय,’ ती म्हणाली आणि मापलं. मग पुन्हा मापलं. मग चष्मा पुसला. ‘पावणेएकोणतीस,’ ती म्हणाली. ‘मिडियमला अठ्ठावीसच हवी. सॉरी मॅडम.’

खोलीतली यंत्रं चालू होती, पण मला काही ऐकू येईना. पाऊण इंच म्हणजे आमचं घर. ताईनं शांतपणे डबी उघडली, मास्तरांना टेप दिली. मास्तरांनी मापलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, ‘अठ्ठावीस.’

मालकांना बोलावणं गेलं. ते आले तेव्हा दोन्ही टेपा कापायच्या टेबलावर शेजारी शेजारी पसरल्या होत्या आणि एकीचा अठ्ठावीस दुसरीच्या अठ्ठावीसच्या पुढे गेला होता. कुठली खरी? मास्तरांनी गळ्यातली आपली जुनी कापडी टेप काढून तिसरी म्हणून ठेवली. ती ताईच्या टेपशी बरोबर जुळली. दोन विरुद्ध एक. लोखंडी पट्टी कपाटात पडून होती, पण दोघांनी साक्ष दिल्यावर तिसरा साक्षीदार कोण शोधतो?

ताईनं मग तोंड उघडलं. ‘मालक, यांची मैत्रीण बाहेर बसली आहे. माझी जागा रिकामी झाली तर कुणाला मिळणार, ते तुम्हीच बघा. टेप खास बनवून आणता येते.’

‘दोघी एका खोलीत राहतात,’ मी म्हटलं. एका खोलीत की नुसत्या एका वसतिगृहात ते मला पक्कं माहीत नव्हतं, पण म्हटलं.

चष्मेवाली लाल झाली. ‘मी असं कशाला करेन?’ ती म्हणाली. एवढंच म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, नाटक.

मालकांनी विचार केला. त्यांच्या मालाबद्दल कधी तक्रार आली नव्हती, मग माप चुकीचं कसं असेल? ‘मी उद्या तुमच्या ऑफिसला फोन करतो,’ ते तिला म्हणाले. ‘त्यांनी दुसरं माणूस पाठवावं. असल्या भानगडी मला इथे नकोत.’ ती आपली पांढरी टेप गोळा करून गेली. मास्तरांनी ताईसाठी चहा मागवला. सगळ्या यंत्रांवरून बायका माना वर करून ताईकडे बघत होत्या, आणि ताई पुन्हा महाराणी दिसत होती.

घरी येताना आम्ही हसत हसत आलो. आई खिडकीशी बसली होती. आता तिला सुईत दोरा ओवता येत नाही, पण शिवणयंत्रासमोरची खुर्ची तिनं सोडलेली नाही. ताईनं सगळं साग्रसंगीत सांगितलं, आवाज काढून. आई खुशीत ऐकत होती.

‘शाब्बास,’ ती म्हणाली. ‘आणि टेप कुठली लावलीस तू?’

‘आपलीच. स्पर्धेतली.’

‘ती पिवळी? अजून आहे? बघू.’

ताईनं डबी दिली. आईनं टेप बोटांतून सरकवली, टोकापासून टोकापर्यंत, डोळे मिटून. आणि हसायला लागली. इतकी हसली की खोकला लागला आणि मी पाणी आणायला धावले.

‘अगं वेडे,’ ती घोट घेत म्हणाली, ‘ही माझी गिऱ्हाइकं खूश करायची टेप. ओढून ओढून सैल झालेली. जाड बाईला कमर चौतीस सांगितली की तिचं तोंड वाकडं व्हायचं. हिच्यानं मापून साडेतेहेतीस सांगायची, आणि कापताना वाढवून कापायची. बाई खूश, आणखी दोन कपडे टाकून जायची. तेव्हाच अर्धा इंच सैल होती, आता तर किती झाली असेल! जुनी कापडी टेप लांबते, एवढं तुमच्या मास्तराला कळत नाही?’

ताई उभीच होती. ‘स्पर्धेत तू ही नेलीस,’ ती म्हणाली. ‘चुकून?’

‘चुकून कशाला? आदल्या दिवशी तुला चांगल्या टेपनं मापलं होतं की. साडेपंचवीस होतीस. म्हणून तर गाऊन उसवून सैल केला, नाहीतर तू श्वास कसा घेतला असतास?’

‘पण त्या बाईनं अंगठा घातला होता!’ मी ओरडले. ‘मी पाहिला होता. नखावरचा रंग उडाला होता तिच्या.’

आईनं माझ्याकडे बघितलं, जरा कौतुकानंच. ‘मी सांगितलं म्हणून पाहिलास. अंगठा कुठला आलाय? बरोबर मापत होती बिचारी.’

बिचारी हा शब्द आईच्या तोंडी मी तोवर कधी ऐकला नव्हता. मी भिंतीला टेकून खाली बसले. आजही डोळे मिटले की मला तो अंगठा दिसतो, आणि आता त्याचं काय करायचं ते मला कळत नाही.

‘त्या बाईला त्यांनी तिथल्या तिथे घालवलं,’ ताई म्हणाली.

‘घालवलं असेल. माझा नवरा गेलेला होता, पदरात दोन पोरी होत्या. मला तिची कीव करायला सवड नव्हती.’ आईचा आवाज धारदार झाला. ‘आणि जिंकलीस ती तू जिंकलीस. वर स्टेजवर कुणी टेप लावली नाही तुला. मी फक्त आत सोडवलं.’

‘ते नाही म्हणत मी.’ ताई हळू बोलत होती, त्या चष्मेवालीसारखी हळू. ‘त्या दिवसापासून मी सगळ्यांचे अंगठे बघत आले, आई. एजंटांचे बघितले. बरोबरच्या पोरींचे बघितले. नवऱ्याचे बघितले. आणि अंगठा नव्हताच.’

आईनं टेप गुंडाळायला घेतली आणि ती तिच्या बोटांतून सुटत राहिली.

मी ताईला स्वयंपाकघरात गाठलं. मी म्हटलं, ‘हे आपल्या तिघींत राहू दे. टेप जाळून टाकू. मास्तरांची टेप जुळतेच आहे, कुणाला काही कळणार नाही. ती पोरगी शिकलेली आहे, तिला दुसरी नोकरी मिळेल. तुला कोण ठेवणार आहे या वयात? मला कोण ठेवणार आहे?’ मी बरंच काही बोलले आणि त्यातलं एकही वाक्य मला तेव्हा चूक वाटलं नाही. ताई ओट्याला हात टेकून उभी होती. ‘आज तिच्यावर आळ घेताना मला काहीच जड गेलं नाही,’ ती म्हणाली. ‘जीभ अडखळलीसुद्धा नाही गं. त्याची भीती वाटते मला.’ ती जेवली नाही. मीही तिला आग्रह केला नाही, कारण मला तिचा राग आला होता.

सकाळी कंपनीत गेलो तर चष्मेवाली कोपऱ्यातल्या स्टुलावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. तिची काही कागदपत्रं द्यायची राहिली होती म्हणे. मालक फोनपाशी होते. ताई सरळ त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, ‘फोन जरा थांबवा. कपाटातली लोखंडी पट्टी काढायला सांगा.’

पट्टी आली. ताईनं आपल्या हातानं पिवळी टेप तिच्यावर धरली, मग मास्तरांची, मग चष्मेवालीला खूण करून तिची पांढरी मागून घेतली. पांढरी पट्टीशी रेघेला रेघ जुळली. बाकीच्या दोन्ही पुढे निघून गेल्या. मास्तर खाली वाकले, डोळे बारीक केले, पुन्हा वाकले. ‘म्हणजे आपलं मिडियमच मोठं,’ ते म्हणाले. ‘इतकी वर्षं आपण मोठंच कापतोय.’

‘आणि मी त्यात मोठी होत गेले,’ ताई म्हणाली. ‘काल मी यांच्याबद्दल जे बोलले ते खोटं होतं. माझी टेप खोटी आहे हे मला काल ठाऊक नव्हतं, पण यांच्याबद्दलही मला काहीच ठाऊक नव्हतं, तरी बोलले. तुम्ही फोन करणार असाल तर हे पण सांगा.’

एवढ्या बायकांसमोर. मी मनगटावरच्या उशीतल्या टाचण्या काढून पुन्हा खोचत बसले, कारण मला कुणाकडे बघवेना.

मालकांनी रिसीव्हर खाली ठेवला. ‘मॅडम, तुम्ही बोलला नसतात तर चाललं असतं,’ ते जरा दुःखानंच म्हणाले. ताई चौथऱ्यावर चढली आणि चष्मेवालीला म्हणाली, ‘आता नीट मापा.’ पोरीनं टेप लावली. ताई समोरच्या भिंतीकडे बघत होती. आकडा सांगितला तेव्हाही तिनं मान खाली केली नाही.

मिडियमची जागा उंच मुलीला गेली. ताईचं माप मिडियमला जास्त आणि लार्जला कमी, म्हणजे कुठल्याच पुठ्ठ्यात न बसणारं. लार्जसाठी बाई लागणारच होती. मालक म्हणाले, दीड इंच वाढवलंत तर बघू, पण महिन्याभरात, आणि शब्द देत नाही. माझं काम तूर्त राहिलं.

संध्याकाळी फाटकाबाहेरच्या चहाच्या दुकानात ताई आत शिरली. इतकी वर्षं आम्ही त्याच्या समोरून गेलो, आत कधी गेलो नव्हतो. ते कसलं तेल वापरतात कोण जाणे, असं आमचं मत होतं. तिनं मोठा केक मागवला आणि खायला लागली, मन लावून, बोटांना लागलेलं चाटून. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती. मी तिच्यावर अजून रागावलेलीच होते, पण माझ्या बशीतला अर्धा तुकडा तिच्याकडे सरकवला.

‘स्पर्धेतल्या त्या बाईचं पुढे काय झालं असेल गं?’ तिनं तोंडातला घास तसाच ठेवून विचारलं.

मी आठवून बघितलं. मला तिचं तोंडसुद्धा आठवत नव्हतं.